वरळीहून थेट

विठ्ठलवाडी हे कल्याणनंतरचं, कर्जतच्या बाजूचं पहिलं स्टेशन. इथे राहणाऱ्याला गाण्याची आवड असली, की तिचा मेळ आधी रेल्वेच्या टाइमटेबलशी घालावा लागतो. दादर-माटुंग्याच्या मैफलीत गवई शेवटाकडे वळतोय असं दिसलं, की आमच्याकडची मंडळी चुळबुळ करत चपला शोधायला उठायची. कारण अंबरनाथ गाडी चुकली तर कल्याणला उतरून पुढे तंगडतोड. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या कौलांवर अँटेना दिसू लागले. टीव्हीच्या त्या डब्याने या भागाला काय दिलं, हे दादरकरांना तितकंसं कळायचं नाही. मैफलीच्या शेवटची भैरवी दिली.

अर्थात तीही सुखासुखी नाही. मनोरा वरळीला आणि वाटेत पारसिकच्या डोंगराची रांग. चित्रात मुंग्या यायच्या, गायकाच्या मागे त्याचाच दुसरा गायक उभा राहायचा. मग घरातला एक जण छपरावर, एक खिडकीत आणि एक टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ या संवादावर आमच्या पिढीची निम्मी संध्याकाळ खर्ची पडली आहे. अँटेना जुळेपर्यंत बडा ख्याल संपलेला असे, आणि द्रुत रंगात आली की ‘व्यत्यय’ची पाटी यायची नाहीतर चाळीचे लाइट जायचे. तरीही टीव्हीवर ‘खरोखर गाणारी’ माणसं दिसायची त्या दिवसांबद्दल आज लोक हळवे होतात. त्यात गतकाळाचा गोडवा किती आणि खरंच हरवलेलं किती, हे जरा निवडून बघायला हवं.

त्या कार्यक्रमांची घडण समजली की बराच उलगडा होतो. सुरुवातीच्या काळात व्हिडिओ टेप महाग होती. बरेच कार्यक्रम थेटच जात. चित्रमुद्रण झालं तरी टेप कापून जोडणं जिकिरीचं, त्यामुळे गाणं एकसलगच टिपलं जाई. स्टुडिओत मोजके कॅमेरे, वर नियंत्रण कक्षात निर्माता, आणि कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर सोडायचं याचा निर्णय त्याच क्षणी. गायकाचा सूर घसरला तर तो घराघरांत घसरला. उलट एखादी जागा अशी काही निघून गेली, की साथीदाराच्याच तोंडून ‘वाः’ निसटली, तर तीही ऐकू यायची. चित्रातल्या झटपट उड्या परवडत नसल्यामुळे कॅमेरा गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर नाहीतर पेटीवाल्याच्या बोटांवर ठाण मांडून बसायचा. ही काही सौंदर्यदृष्टी नव्हे, नाइलाज होता. पण त्या नाइलाजाने आम्हाला बघायला शिकवलं.

स्टुडिओतली थंड हवा आणि डोक्यावरचे तापलेले दिवे यांत तबल्याची पुडी आणि तंबोऱ्याच्या तारा दोन्ही रुसतात. चालू गाण्यात तबलजी हळूच हातोडी उचलायचा, समेच्या आधीच्या तेवढ्याशा फटीत गठ्ठ्यावर एक ठोका, मग चाटेवर बोट मारून अंदाज, आणि सम बिनचूक. गायकाने तिरक्या नजरेने पाहून घ्यायचं आणि एखादं आवर्तन आलापीत जास्त रेंगाळायचं, त्याला सवड मिळावी म्हणून. हे सगळं पडद्यावर दिसायचं. आज संकलनात सगळ्यात आधी कात्री लागते ती अशा जागेला.

‘शब्दांच्या पलीकडले’ हे नाव काढलं तरी अजून माणसं सरसावून बसतात. निर्माते अरुण काकतकर यांच्या नावाशी जोडला गेलेला हा कार्यक्रम म्हणजे भावगीताची घरबसल्या बैठक. घरात टेपरेकॉर्डर असला की तो टीव्हीच्या भोंग्यासमोर उशीवर ठेवायचा आणि सगळ्यांना तंबी द्यायची, शिंकू नका. आमच्याकडच्या एका कॅसेटवर अंतरा सुरू होतो आणि मागून कुकरची शिट्टी येते. दुसऱ्या कडव्यात पुण्याकडे निघालेली मेल गाडी पूर्ण भोंगा देऊन जाते. तेच गाणं पुढे स्वच्छ सीडीवर ऐकलं, तरी त्या ठिकाणी कान भोंग्याची वाट बघतात.

या आठवणींत एक सोयीस्कर विसरभोळेपणाही आहे. दूरदर्शनवर कंटाळवाणं, पाठ केल्यासारखं गाणंही भरपूर होतं. शिवाय स्टुडिओचं दार सगळ्यांसाठी सारखं उघडं नव्हतं. आकाशवाणीची श्रेणी नावापुढे असलेल्या गायकाला मान होता; नाट्यगीत, भावगीत, ख्याल यांना ठरलेली जागा होती. पण विठ्ठलवाडी, कोळसेवाडी आणि शेजारचं उल्हासनगर इथल्या वस्त्यांमध्ये रात्र-रात्र चालणारं गाणं वेगळं होतं. चौदा एप्रिलच्या स्टेजवरचं भीमगीत आणि कव्वालीचा सामना यांना त्या पडद्यावर क्वचितच जागा मिळाली. विठ्ठल उमप किंवा प्रल्हाद शिंदे आमच्या भागात घरोघरी पोहोचले ते मुख्यतः कॅसेटमधून आणि कर्ण्यातून. त्यामुळे ‘तेव्हा सगळा महाराष्ट्र एकच गाणं ऐकत होता’ असं कोणी म्हटलं, की मला आमच्या गल्लीचा कर्णा आठवतो.

खासगी वाहिन्या आल्यावर मैफल लगेच संपली असंही नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठीने ‘नक्षत्रांचे देणे’ केलं. आरती प्रभूंच्या कवितासंग्रहाचं नाव घेतलेला हा कार्यक्रम शांता शेळके, सुरेश भट, कुसुमाग्रज अशा एकेका प्रतिभावंतासाठी अख्खा रंगमंच मांडायचा. भरपूर वाद्यवृंद, निवेदन, किस्से आणि समोर खराखुरा प्रेक्षक. माझ्या मते मराठी टीव्हीवरच्या मैफलीचा हा शेवटचा ऐसपैस काळ.

त्यानंतर स्पर्धा आली. ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या पर्वाने आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत यांना घराघरांत नेलं. मुलं अप्रतिम गायची आणि नाट्यपदाला एसएमएस मिळतात हे पाहून भलेभले चकित झाले. तो कार्यक्रम वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण गाण्याला परीक्षकांचा ‘ध’ मिळाला की ‘नी’ याकडे कान लागले, आणि गाणं संपायच्या आत आम्ही सगळे परीक्षक झालो. मैफलीत आपण गायकाच्या बाजूने असतो. स्पर्धेत त्याच्या चुकीची वाट बघतो. पुढे गाण्यापेक्षा गाण्यावरच्या प्रतिक्रिया लांबल्या, आईच्या डोळ्यांतलं पाणी मंद गतीने दाखवलं जाऊ लागलं आणि दुसरा अंतरा कायमचा गेला.

तंत्रानेही हातभार लावला. आता प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर टिपता येतो, नंतर एकेक सूर सरळ करता येतो. तक्रार एकट्या मराठीची नाही. ब्रिटनच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर नामवंत मंडळी रेकॉर्डवर नुसते ओठ हलवायची. उलट १९८९ मध्ये अमेरिकेत ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ सुरू झालं. २००८ मध्ये पाकिस्तानात ‘कोक स्टुडिओ’ सुरू झाला, तेव्हा आपल्याकडच्या तरुणांनी तो इंटरनेटवर शोधून शोधून पाहिला. वाजवणाऱ्याचे हात पाहण्याची भूक गेलेली नव्हती, एवढं त्यातून दिसलं.

आमच्याकडे ती भूक भागवणारी जुनी जागा आहेच. कल्याण गायन समाज १९२६ पासून उभा आहे आणि भास्करबुवा बखल्यांच्या उपाधीने ओळखला जाणारा त्याचा देवगंधर्व महोत्सव विठ्ठलवाडीहून एका स्टेशनावर भरतो. शेवटच्या गाडीची धास्ती नाही, रिक्षाने घरी येता येतं. टीव्हीवर ज्यांना पाहिलं त्यांना समोर ऐकायची ओढ त्या छोट्या पडद्यानेच लावली, असं सांगणारे श्रोते तिथे भेटतात. तरुण मात्र कमी दिसतात, ही चिंता संयोजकांइतकीच आमचीही.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने जुन्या ठेव्यातलं बरंच काही आता यूट्यूबवर खुलं केलं आहे. टेपा पुसून पुन्हा वापरण्याच्या त्या काळातून जे वाचलं, ते मोबाइलवर दिसतं ही मोठीच गोष्ट. फक्त कित्येक ठिकाणी गायकाचं नाव असतं आणि पेटीवाला, तबलजी निनावी राहतात. ती नावं सांगू शकणारे निवृत्त निर्माते, तंत्रज्ञ आणि वादक अजून आपल्यात आहेत. त्यांना एका खोलीत बसवून, चित्रफिती दाखवून नावं लिहून घ्यायला फार मोठा निधी लागणार नाही. काम मात्र याच चार-दोन वर्षांत व्हायला हवं.