डिस्क बसली, पण पंखा?

इंदुरात संगणकाचे सुटे भाग हवेत, तर पावलं रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. २०१० च्या मॅक मिनीसाठी तिथून हार्ड डिस्क घेताना जाडी आधी पाहावी: अडीच इंची, ९.५ मिलिमीटर.

खालचं गोल काळं झाकण अंगठ्यांनी फिरवलं की उघडतं. खरी मेख पुढेच. जुन्या डिस्कवर तापमान मोजणारा इवलासा सेन्सर चिकटवलेला असतो. तो अलगद सोडवून नव्या डिस्कवर चिकटवायचा; त्याची तार नाजूक, घाई अजिबात नको. ती जोडायची राहिली तर पंखा जोरात घोंगावत राहतो.

२०११ च्या आयमॅकमध्ये तापमान डिस्कच्याच वीजजोडणीतून कळतं. म्हणून बाजारातल्या साध्या डिस्कसोबत सेन्सरवाली केबलही घ्यावी लागते.