माहितीचे कोठार

सुगी संपली की शेतकरी धान्य घरी आणतो. ते नुसते कोपऱ्यात ओतून चालत नाही. ओल लागली तर धान्याला बुरशी येते. उंदीर-घुशी लागल्या तर नासाडी होते. म्हणून पूर्वी आपल्याकडे कणग्या असत, जमिनीखाली पेवे असत. आता पत्र्याच्या कोठ्या आणि मोठमोठी गोदामे आहेत. पिकवणे जितके महत्त्वाचे, तितकेच साठवणेही महत्त्वाचे.

धान्यासारखीच माहितीही साठवावी लागते. शाळेचे हजेरीपत्रक, शेताचा सातबारा, दवाखान्यातील केसपेपर, बँकेतील खाते ही सगळी माहितीच होय. पूर्वी ती फक्त कागदावर असे. कागदाला वाळवी लागते, ओल लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. घराघरांत पाणी शिरले. कित्येकांची महत्त्वाची कागदपत्रे भिजून त्यांचा लगदा झाला.

आज यातील बरीच माहिती संगणकात ठेवतात. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. मग हे लाखो सातबारे तलाठ्याच्या टेबलावरच्या संगणकात असतात का? नाही. अशी माहिती ठेवण्यासाठी खास संगणक असतात आणि त्यांच्यासाठी खास इमारत बांधतात. तिला ‘डेटा सेंटर’ म्हणतात. डेटा म्हणजे माहिती. डेटा सेंटर म्हणजे माहितीचे कोठार.

चला, असे कोठार कसे उभे राहते ते पाहू. त्यासाठी आपण दूरच्या एका गावी जाऊ.

डब्लिन ही आयर्लंड देशाची राजधानी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातही एक डब्लिन आहे. कोलंबस या राजधानीजवळ, सायोटो नदीच्या काठी ते वसले आहे. १८१० साली जॉन शील्ड्स या आयरिश भूमापकाने गावाची आखणी केली आणि आपल्या जन्मगावाचे नाव त्याला दिले. हा भाग मक्याच्या शेतीचा. तेथील एका शेतात १९९४ साली काँक्रीटची १०९ कणसे उभारली आहेत. प्रत्येक कणीस माणसाएवढे उंच आहे! जुन्या शेतीची आठवण राहावी म्हणून ती उभी आहेत.

मक्याच्या या गावात माहितीचे कोठारही लवकर आले. १९६७ साली ओहायोमधील महाविद्यालये एकत्र आली. प्रत्येक ग्रंथालयात पुस्तकांची नोंद वेगवेगळ्या कार्डांवर होत असे. एकाच पुस्तकाचे कार्ड पन्नास ठिकाणी पन्नास माणसे लिहीत. ‘एकाने नोंद करावी, सर्वांनी ती वापरावी,’ असे फ्रेडरिक किलगोर यांनी सुचवले. त्यांच्या संस्थेने १९७१ साली संगणकावरून हे काम सुरू केले. १९८१ साली ही संस्था डब्लिनला आली. आज जगभरच्या ग्रंथालयांतील पुस्तकांच्या नोंदी तिच्याकडे आहेत.

पुढे अ‍ॅमेझॉन या कंपनीने डब्लिन आणि आसपासच्या गावांत डेटा सेंटरे बांधली. ती ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर या भागात नवीन इमारतींचे काम चालूच राहिले.

अशा इमारतीचे काम टप्प्याटप्प्याने होते.

पहिला टप्पा जागेचा. पुराचे पाणी येणार नाही अशी जागा निवडतात. जवळून विजेच्या मोठ्या तारा जात असाव्या लागतात. मग जमीन सपाट करून पाया खोदतात. भिंती जाड असतात. खिडक्या जवळजवळ नसतातच. ऊन, धूळ आणि चोर यांना आत वाट मिळू नये, हा त्यामागचा हेतू. बाहेरून पाहिले तर ही इमारत एखाद्या मोठ्या गोदामासारखीच दिसते.

भिंती आणि छप्पर झाले म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम तेव्हाच सुरू होते.

दुसरा टप्पा विजेचा. संगणकाला क्षणभरही वीज नसून चालत नाही. तुमच्या घरी वीज गेली की तुम्ही मेणबत्ती शोधता. ती सापडेपर्यंत अंधार असतो. डेटा सेंटरमध्ये एवढाही वेळ चालत नाही. म्हणून तेथे दोन व्यवस्था असतात. एका खोलीत बॅटऱ्यांच्या रांगा असतात. वीज गेली की त्याच क्षणी त्या वीज देऊ लागतात. पण बॅटऱ्या काही मिनिटेच पुरतात. तेवढ्यात बाहेरची डिझेलवर चालणारी जनित्रे सुरू होतात. त्यांना सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात. त्या दहा-पंधरा सेकंदांसाठी बॅटऱ्यांची खोली हवी!

तिसरा टप्पा गारव्याचा. चालू संगणकाला हात लावून पाहा. तो कोमट लागतो. असे हजारो संगणक एकत्र असले तर खोलीची भट्टी होईल. म्हणून आतली हवा साधारण १८ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. संगणकांच्या रांगा समोरासमोर लावतात. एका बोळातून गार हवा येते, संगणकांतून जाते आणि पलीकडच्या बोळात गरम होऊन बाहेर पडते. गार आणि गरम हवा एकमेकींत मिसळू देत नाहीत. काही ठिकाणी हवा गार करायला पाणी वापरतात. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते? माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. आपल्या माठाची हीच युक्ती तेथेही कामी येते.

चौथा टप्पा कपाटांचा आणि तारांचा. सुमारे दोन मीटर उंचीची लोखंडी कपाटे ओळीने उभी करतात. त्यांत फडताळात पाट्या ठेवाव्यात तसे चपटे संगणक एकावर एक बसवतात. या संगणकांना ‘सर्व्हर’ म्हणतात. मग तारा जोडतात. यांतील काही तारांमध्ये काचेचे तंतू असतात. तंतू केसासारखा बारीक असतो आणि त्यातून माहिती प्रकाशाच्या रूपाने धावते. काचेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर जातो! प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावतात. एक तार चुकली तरी ती हजारो तारांतून शोधावी लागते. म्हणून तारा जोडणारे कारागीर घाई करत नाहीत.

आग लागली तर काय? पाणी मारले तर संगणकच बिघडतील. म्हणून धुराची चाहूल लगेच लागेल अशी यंत्रे छताला बसवतात. अनेक ठिकाणी आग विझवण्यासाठी खास वायूची सोय असते.

शेवटचा टप्पा परीक्षेचा. होय, इमारतीचीही परीक्षा असते! संगणक नुकतेच आणून ठेवायचे आणि मग दोष सापडायचा, असे होऊ नये. म्हणून आधी संगणकांच्या जागी मोठे हीटर लावतात. ते चालू करून खोली मुद्दाम तापवतात. हवा पुरेशी गार राहते का ते पाहतात. मग मुख्य वीज मुद्दाम बंद करतात. सगळे कान देऊन उभे असतात. बॅटऱ्यांनी भार घेतला का? जनित्रे वेळेवर सुरू झाली का? काही चुकले तर दुरुस्ती करून पुन्हा परीक्षा घेतात. पास झाल्याशिवाय इमारतीत कोणाचीही माहिती ठेवत नाहीत.

एवढे करूनही एखादे संकट येऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणच्या इमारतीतही ठेवतात. शहाणा शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.

मुलांनो, या कोठाराची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. मोठ्या डेटा सेंटरला एखाद्या गावाला लागेल त्याहूनही जास्त वीज लागते. मध्य ओहायोत अशी केंद्रे इतकी वाढली, की तेथील वीज कंपनीने मार्च २०२३ मध्ये नव्या केंद्रांना जोडणी देणे थांबवले. वीज वाहून नेणाऱ्या तारा अपुऱ्या पडू लागल्या होत्या. नव्या तारा टाकायचा खर्च कोणी करायचा? घरात दोन दिवे लावणाऱ्या माणसाने, की मोठ्या केंद्राने? जुलै २०२५ मध्ये राज्याच्या आयोगाने निर्णय दिला. मोठ्या नव्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली असेल, त्यातील किमान ८५ टक्के विजेचे पैसे भरलेच पाहिजेत, मग ती वीज वापरली नाही तरी. आधी मोठी मागणी करायची आणि मग अंग काढून घ्यायचे, असे आता करता येणार नाही.

आपल्याकडेही नवी मुंबईत ऐरोली, महापे, पनवेल या भागांत मोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. वीज आणि पाणी यांचा विचार आपल्यालाही करावा लागेल.

आता आईने मोबाइलवर गॅस सिलिंडर नोंदवला किंवा बाबांनी रेल्वेचे तिकीट काढले, तर आठवण ठेवा. कोठेतरी खिडक्या नसलेल्या एका गार इमारतीत एक चपटा संगणक त्यांचे काम करत असतो. आणि वीज गेली तर पहिले दहा-पंधरा सेकंद सांभाळायला बॅटऱ्या जाग्या असतात.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डेटा सेंटर म्हणजे काय?
(आ) ओहायोमधील डब्लिन कोणत्या नदीकाठी आहे?
(इ) काँक्रीटची कणसे का उभारली आहेत?

२. कारणे लिहा.
(अ) डेटा सेंटरला खिडक्या जवळजवळ नसतात.
(आ) जनित्रे असूनही बॅटऱ्या लागतात.
(इ) महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवतात.

३. ‘नव्या तारांचा खर्च कोणी करावा?’ यावर वर्गात चर्चा करा.

४. करून पाहा : एक माठ व एक स्टीलचे भांडे पाण्याने भरून सावलीत ठेवा. तीन तासांनी कोणते पाणी गार लागते ते पाहा आणि कारण सांगा.