विस्मरणात गेलेली ठेव

दिवाळीच्या वहीपूजनानंतर चार दिवसांनी परिचयातील एक भगिनी पत्र्याचा डबा घेऊन घरी आल्या. त्यांचे यजमान गोंदियाच्या बाजारात धानाचे अडते होते. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. "भाईसाहेब, हे कागद रद्दीत घालायचे की ठेवायचे, एवढेच सांगा," त्या म्हणाल्या. डब्यात विम्याच्या जुन्या पावत्या होत्या, एक कोरी चेकवही होती आणि मुदत ठेवीच्या चार पावत्या होत्या. पावत्यांवरील पत्ता होता 'गोंदिया, जिल्हा भंडारा'. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, म्हणजे या ठेवी त्यापूर्वीच्या. ज्या बँकेच्या त्या होत्या, तिच्या नावाची पाटी आज बाजारात कोठेही दिसत नाही.

त्या गृहस्थांची खातेवही मी नोकरीत असताना पाहिली होती. कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याला किती उचल दिली, कोणत्या गिरणीकडून किती येणे आहे, सारे आरशासारखे स्वच्छ. दुसऱ्याकडून येणे असलेला रुपया त्यांनी कधी विसरला नाही. स्वतःची ठेव मात्र कोठे आहे, हे त्यांनी पत्नीला कधी सांगितले नाही. आपल्या व्यापारी घरांत ही गोष्ट अपवादाची नाही, हे मी पस्तीस वर्षे काउंटरच्या आतून पाहत आलो.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी एक 'न्यासापहार'. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ फार बारकाईने उलगडला आहे. ठेव ठेवणारा माणूस संख्या विसरला आणि त्याने कमी मागितली, तर 'हो, एवढीच होती' असे म्हणणे हाही दोषच. म्हणजे ठेव राखणाऱ्याने ठेवणाऱ्याच्या विस्मरणाचा लाभ घेऊ नये. सावकारी पेढीच्या काळातील हा नियम आज सरकारी यंत्रणेला लावून पाहावा, असे त्या दिवशी मनात आले.

ही यंत्रणा म्हणजे केंद्रीय अर्थमंत्रालयातील वित्तीय सेवा विभाग. आपल्या बहुतेक वाचकांना रिझर्व्ह बँक ठाऊक असते, विभाग ठाऊक नसतो. बँकांचे नियमन रिझर्व्ह बँक करते, विम्याचे नियमन १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेले विमा नियामक प्राधिकरण पाहते आणि निवृत्तिवेतन निधीचे नियमन करणाऱ्या प्राधिकरणास २०१३ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. या तिन्ही क्षेत्रांचे धोरण, कायद्यांचे मसुदे, सरकारी बँकांतील शासनाची मालकी आणि जनधनसारख्या योजना ज्या मेजावरून हलतात तो हा विभाग. पूर्वी बँकिंग आणि विमा हे आर्थिक व्यवहार विभागाच्या पोटात होते. २००७ मध्ये स्वतंत्र विभाग झाला. शाखेतील अधिकाऱ्याला तो 'वरून परिपत्रक आले' एवढ्या रूपानेच भेटत असे, आणि खरे सांगायचे तर आम्ही त्या परिपत्रकांना कंटाळत असू.

कोणत्याही बँक खात्यात दहा वर्षे व्यवहार झाला नाही, किंवा मुदत संपून दहा वर्षे ठेव कोणी मागितली नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या 'ठेवीदार शिक्षण व जागृती निधी'त जाते. हा निधी २०१४ मध्ये स्थापन झाला. पैसे बुडाले, असा त्याचा अर्थ लोक लावतात. तो चूक आहे. ठेवीदार किंवा त्याचा वारस केव्हाही आपल्या बँकेकडे दावा करू शकतो. बँक पैसे देते आणि निधीतून ते परत घेते. व्याज देणाऱ्या ठेवींवर मे २०२१ पासून तीन टक्के साधे व्याजही मिळते. विम्याची न मागितलेली रक्कम दहा वर्षांनंतर ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तेथे मात्र पंचवीस वर्षांची मर्यादा आहे, त्यानंतर ती शासनाची होते. कंपन्यांचा न घेतलेला लाभांश आणि त्याचे शेअर्स सात वर्षांनी तिसऱ्याच निधीकडे जातात, आणि तो निधी कंपनी व्यवहार मंत्रालयाखाली आहे. तीन दारे, तीन अर्ज. सामान्य विधवेने यातून वाट काढावी, अशी अपेक्षा करणेच मुळात विचित्र आहे.

४ ऑक्टोबर २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गांधीनगर येथून 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही तीन महिन्यांची मोहीम सुरू केली. वित्तीय सेवा विभागाने तिची सूत्रे हाती घेऊन बँका, विमा, शेअर्स व निवृत्तिवेतन यांच्या यंत्रणांना एकत्र आणले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेण्यास सांगितले. न मागितलेल्या रकमांचा आकडा अर्थमंत्र्यांनी १.८४ लाख कोटी रुपये सांगितला. न्यासापहाराच्या कसोटीवर येथे शासन उत्तीर्ण होते, असे मी म्हणेन: ठेवणारा विसरला, तरी राखणाऱ्याने हाक दिली. उशिरा दिली, हेही खरे.

बँक ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ उघडले. मृत व्यक्तीचे नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी काही घातले की ठेव कोणत्या बँकेत आहे ते कळते. दावा मात्र शाखेतच करावा लागतो. बँकांच्या विलीनीकरणाने जुन्या पावत्यांचा माग काढणे कठीण झाले आहे. देना आणि विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बडोदा बँकेत गेल्या. अलाहाबाद, आंध्र, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, ओरिएंटल आणि युनायटेड या सहा बँका १ एप्रिल २०२० रोजी इतरांत सामावल्या. आपली विदर्भ कोकण ग्रामीण बँकही १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. बँक गेली तरी देणे जात नाही, ते नव्या बँकेच्या शिरावर येते. म्हणून जुनी पावती रद्दीत घालू नये.

आपल्या समाजात आणखी एक अडचण आहे, आणि ती आपणच निर्माण केलेली आहे. एक भाऊ गोत्र लावतो, दुसरा 'जैन' लिहितो. तोच माणूस तरुणपणी गोत्र लावतो आणि उतारवयात 'जैन' लिहितो. पॅनवर एक, आधारवर दुसरे, पावतीवर तिसरे. त्या चार पावत्यांपैकी दोनवर गोत्र होते आणि दोनवर 'जैन'. संगणकाला ही दोन माणसे वाटतात.

नामनिर्देशनाबाबतही गैरसमज पुष्कळ आहेत. व्यक्तीच्या खात्याला आणि एकट्या मालकाच्या पेढीच्या चालू खात्याला नॉमिनी लावता येतो. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या म्हणजे एचयूएफच्या खात्याला आणि भागीदारी पेढीला तो लावता येत नाही. कर वाचवण्यासाठी एचयूएफच्या नावे ठेवी करणाऱ्या घरांत कर्ता गेल्यावर हे कळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. तरीही नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने शेअर्सबाबतही हेच ठरले की नॉमिनी केवळ रक्कम स्वीकारतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. आयुर्विमा याला काहीसा अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच होते. थोरल्या मुलाला नॉमिनी केले म्हणजे मुलींचा हिस्सा संपला, अशी समजूत करून घेऊन शांत झोपणारे वडील मी पाहिले आहेत. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

नॉमिनी नसेल तर पूर्वी न्यायालयाच्या वारस दाखल्यासाठी माणसे वर्षानुवर्षे फिरत. सप्टेंबर २०२५ मधील रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतचा दावा, वाद नसल्यास, हमीपत्र आणि इतर वारसांची संमती घेऊन निकाली काढायचा आहे. कागद पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाल्यास भरपाई. निर्देश लागू करण्यासाठी बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत होती.

आपल्या गादीवरचा हमाल आणि गिरणीतला मजूर यांची गोष्टही वेगळी नाही. याच विभागाच्या जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा योजनेत २० रुपये खात्यातून आपोआप कापले जातात. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास दोन लाख मिळतात, दुसरीत अपघाती मृत्यूस दोन लाख. पैसे मे महिन्यात कापले जातात, पासबुकात एक ओळ उमटते आणि घरी कोणास ठाऊक नसते. ती ओळ वाचून दाखवण्यास मालकाला पाच मिनिटे लागतात. पतसंस्थेतील ठेव किंवा ओळखीच्या पेढीत व्याजाने ठेवलेली रक्कम मात्र या साऱ्या व्यवस्थेबाहेर आहे. बँकेतील पाच लाखांचे ठेव विमा संरक्षणही तिला नाही.

डब्यातील गोत्राच्या नावाच्या दोन पावत्यांची रक्कम त्या भगिनींच्या खात्यात जमा झाली. विलीन करून घेणाऱ्या बँकेच्या तरुण अधिकाऱ्याने जुने रजिस्टर शोधण्यासाठी एक दुपार घालवली. 'जैन' लिहिलेल्या दोन पावत्यांसाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार आहे. थोरल्या मुलीची सही झाली आहे. धाकटी रायपूरला असते, ती पुढच्या रविवारी येणार आहे.