'की', 'किंवा' आणि 'तर' : उभयान्वयी अव्ययांचा तर्क आणि व्यवहार

शालेय मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे प्रकरण बहुधा घाईने उरकले जाते. प्रकारांची नावे पाठ करावयाची, प्रत्येकासमोर तीन-चार शब्द मांडावयाचे, की विषय संपतो. 'किंवा, अथवा, वा, की' हे शब्द विकल्पबोधक म्हणून एका ओळीत येतात आणि ते परस्परांच्या जागी वापरता येतात असा समज विद्यार्थ्याच्या मनात रुजतो. हा समज भाषाव्यवहाराला धरून नाही. एका सूचनाफलकावरील वाक्यामुळे या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले गेले. त्या वाक्याचा उल्लेख लेखाच्या शेवटी येईल.

विधानांच्या तर्कशास्त्रात या शब्दांचे अर्थ अगदी काटेकोर असतात. 'आणि'ने जोडलेले विधान दोन्ही अंगे सत्य असतील तेव्हाच सत्य ठरते. 'किंवा'ला निदान एक अंग सत्य असले तरी पुरते. 'जर-तर' असलेले विधान असत्य ठरण्याचा प्रसंग एकच : अट पुरी झाली, परंतु फल मिळाले नाही. सामान्य माणूस या कोष्टकाप्रमाणे शब्द वापरत नाही, हे उघड आहे. त्यावरून त्याचे तर्कज्ञान कच्चे आहे असा निष्कर्ष काढला जातो. तो मात्र मला मान्य नाही.

'तो घसरला आणि घागर फुटली' व 'घागर फुटली आणि तो घसरला' ही दोन वाक्ये तर्कदृष्ट्या समान आहेत. तरीही पहिल्यात घसरल्यामुळे घागर फुटते, तर दुसऱ्यात सांडलेल्या पाण्यावरून माणूस घसरतो. मग क्रम आणि कारण हे 'आणि'चेच अर्थ मानावेत काय? तसे मानण्याचे कारण नाही. मराठीत क्रम निःसंदिग्धपणे सांगण्यासाठी '-ऊन' प्रत्ययान्त रूप उपलब्ध आहे. 'हात धुऊन जेवला' असे म्हटल्यावर क्रम मागे घेता येत नाही. 'हात धुतले आणि जेवला' असे म्हटल्यावर मात्र 'अर्थात आधी काय केले ते विचारू नका' अशी पुस्ती जोडता येते. जो अर्थ असा पुसता येतो, तो शब्दाचा नसून ऐकणाऱ्याने प्रसंगावरून जोडलेला असतो.

एच. पी. ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि अंशतः १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हाच विचार मांडला आहे. बोलणारा सहकार्याने, प्रसंगाला पुरेल इतके आणि क्रमाने बोलत आहे, असे ऐकणारा गृहीत धरतो व त्या आधारे न बोललेला अर्थ काढतो. आपल्याकडे या संदर्भात लगेच आनंदवर्धनाचे नाव घेतले जाते. मला ती घाई वाटते. काव्यातील ध्वनी आणि सूचनाफलकावरील अनुक्त अट यांत साम्य आहे, पण प्रयोजन वेगळे आहे. अधिक जवळचे उदाहरण संस्कृत व्याकरणातच सापडते. पाणिनीच्या द्वंद्वविषयक सूत्रावरील टीकापरंपरेत 'च'चे चार अर्थ सांगितले आहेत : समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग आणि समाहार. त्यांपैकी अन्वाचयाचे परंपरागत उदाहरण मार्मिक आहे. शिष्याला भिक्षेसाठी जाण्यास आणि गाय आणण्यास सांगितले जाते. भिक्षा हे मुख्य कार्य. गाय वाटेत दिसलीच तर आणावयाची. जोडणारा शब्द एकच, पण दोन कामे समान तोलाची नाहीत, हे वैयाकरणांनी नेमके हेरले होते.

आता 'की' आणि 'किंवा'. 'चहा किंवा कॉफी घेणार का?' या प्रश्नाला 'हो' हे उत्तर चालते. 'चहा घेणार की कॉफी?' याला 'हो' म्हणणारा माणूस एकतर बहिरा असतो किंवा चेष्टेखोर. पहिला प्रश्न काही घेणार की नाही असे विचारतो. दुसरा, काहीतरी घेणार हे धरून चालतो आणि निवड मागतो. तर्कशास्त्राचा प्राध्यापक 'चहा की कॉफी'ला 'हो' म्हणतो, हा विनोद इंग्रजीत रंगतो, कारण तेथे दोन्ही कामे एकाच शब्दाकडे असून भेद स्वरावरच अवलंबून असतो. मराठीत भाषांतर करताच तो पडतो. 'मला चहा की कॉफी द्या' असे तर कोणीच म्हणत नाही. साध्या विधानात वा आज्ञेत हा 'की' येऊ शकत नाही. 'ते चहा घेतात की कॉफी, ठाऊक नाही' यात तो येतो, कारण तेथे प्रश्न दडलेला असतो. फिन्निश आणि चिनी भाषांतही असे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणजे ज्याला आपण एका ओळीत बसवितो, तो व्याकरणाचा पक्का भेद आहे.

'किंवा' एकच विकल्प देतो की दोन्हीही चालतात, हे मात्र शब्द सांगत नाही. खानावळीच्या फलकावरील 'पोळी किंवा भाकरी' यात दोन्ही मागितल्यास जादा पैसे पडतात. 'पदवी किंवा पाच वर्षांचा अनुभव' अशी पात्रता असता दोन्ही असणाऱ्याला कोणी परत पाठवीत नाही. नकार आला की गुंता वाढतो. 'दारू आणि तंबाखू घेऊ नये' याचा अर्थ एकही घेऊ नये. 'दूध आणि मासे घेऊ नयेत' याचा अर्थ, विरुद्ध आहाराची कल्पना ठाऊक असलेल्या श्रोत्याला, एकत्र घेऊ नयेत असा लागतो. नकार आणि जोडशब्द यांच्या संबंधाचे नियम ज्या ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखले जातात, त्यांचा जन्म १८०६ साली मदुराईचा. पण त्यांचे नियम हा भेद सोडवीत नाहीत. तो श्रोत्याचे जगाविषयीचे ज्ञान सोडविते.

'तर'च्या बाबतीत गैरसमजाला अधिक वाव आहे. 'गणिते पूर्ण केलीस तर जत्रेला नेईन' असे वडील म्हणतात. मुलाने ती केली नाहीत, तरीही त्यांनी नेले, तर तर्कदृष्ट्या वचनभंग होत नाही. गणिते पूर्ण करणारा थोरला भाऊ मात्र 'मग मी कशाला केली?' असे विचारतो आणि त्याचे म्हणणे रास्त वाटते. नेणारच होते, तर अट कशाला घातली? 'तर'मधून 'तरच' ऐकण्याच्या या प्रवृत्तीला गाइस व झ्विकी यांनी १९७१ साली आमंत्रित अनुमान म्हटले. ते सर्वत्र लागू होत नाही. 'तहान लागली तर माठात पाणी आहे' या वाक्यावरून, तहान नसेल तर माठ रिकामा, असे कोणी समजत नाही. येथे 'तरच' घालून पाहावे. वाक्य हास्यास्पद होते. येथे अट पाण्याच्या असण्याला नसून त्या माहितीच्या उपयोगाला आहे.

समोरासमोरच्या बोलण्यात विराम, स्वर, हातवारे आणि परत विचारण्याची सोय असते. सूचनाफलकाजवळ यांतले काहीच नसते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीसाठी पुढील सूचना लागली होती : 'अर्जासोबत जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिकेची प्रत जोडावी.' कार्यालयाच्या मते जातीचा दाखला अनिवार्य होता आणि उर्वरित दोहोंपैकी एक पुरेसे होते. माझ्या एका विद्यार्थ्याने वाक्य असे वाचले की, दोन्ही दाखले जोडावेत, नाहीतर शिधापत्रिका. तालुक्याला दोनदा जाऊनही दाखले न मिळाल्याने त्याने केवळ शिधापत्रिकेची प्रत जोडली. अर्ज अपूर्ण म्हणून बाद झाला. 'नीट वाचायला नको का?' असे त्याला ऐकविण्यात आले.

त्याने ते नीटच वाचले होते. 'व' आणि 'किंवा' एका वाक्यात आले की कोणाची पकड घट्ट, हे ठरविणारा नियम मराठी व्याकरणाने सांगितलेला नाही. गणितात ते काम कंस करतात. मराठीत ते 'जातीचा दाखला आवश्यक. त्याखेरीज पुढीलपैकी कोणतेही एक' अशी रचना करू शकते, आणि पुढील वर्षी मी सुचविल्यावरून सूचना तशी छापली गेली. त्या विद्यार्थ्याचे ते वर्ष शिष्यवृत्तीविना गेले.