पानामागचा परदेशी पाहुणा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्या माणसाला अवकाळी पावसाची फारशी धास्ती नसते. फार तर रस्त्यावर पाणी साचते, कपडे वाळत नाहीत. पण नोव्हेंबरच्या रात्री पत्र्यावर थेंब वाजू लागले की माझी झोप उडते. निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. थोरले बंधू ती पाहतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पहाटेच त्यांचा फोन येतो, ‘‘पान ओलं राहिलंय रे. आता पाऊस थांबून काय उपयोग?’’

रोगाचे निम्मे शास्त्र या वाक्यात आले. केवड्याला, म्हणजे बागाईतदारांच्या ‘डावणी’ला, ओले पान लागते. तिचे सूक्ष्म बीजाणू पाण्याच्या थरातून अक्षरशः पोहत जातात आणि पानाच्या रंध्रांतून आत शिरतात. वरून तेलकट पिवळा डाग दिसतो. पान उलटले की पांढरी बुरशी. ती कोवळ्या घडावर गेली तर वर्षाची मेहनत मातीमोल. भुरीला मात्र ओल्या पानाचीही गरज नाही. ढगाळ, दमट हवा तिला पुरते.

हे दोन्ही पाहुणे मूळचे उत्तर अमेरिकेचे. भुरी १८४५ मध्ये इंग्लंडात दिसली, केवडा १८७८ मध्ये फ्रान्समध्ये. २०२१ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी जगभरच्या बागांतून मिळवलेल्या नमुन्यांवरून केवड्याची वंशावळ मांडली. युरोपात रुजलेला रोग पुढे तिथूनच ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचला, असे त्यातून दिसले. अनेक देशांनी नमुने दिले, म्हणूनच हे कळले.

औषधही असेच दुरून आले. फ्रान्सच्या मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारीत. १८८२ मध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाला दिसले, की नेमकी त्याच वेलींची पाने शाबूत आहेत. त्यातून बोर्डो मिश्रण जन्मले. आमचे वडील पिंपात मोरचूद भिजत घालीत, पण बोर्डो हे एका शहराचे नाव आहे हे त्यांच्या गावीही नव्हते.

पुढे नवी औषधे आली. मात्र एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की रोग त्याला सरावतो. स्ट्रोबिल्युरिन गटाला न जुमानणारा केवडा आधी युरोपात आढळला. २०१६ साली महाराष्ट्रातील बागांतही त्याची नोंद झाली. औषध वाढवावे तर खर्च वाढतो आणि निर्यातीच्या मालात अंश उरण्याची भीती.

दुसरी वाट वेलीतूनच जाते. अमेरिकी वेलींनी या रोगांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ हा बुरशीजन्य रोगांना तोंड देणारा वाण काढला. तो रसासाठी उत्तम. पण खाण्याच्या द्राक्षांत बाजाराला थॉमसनसारखे बिनबियांचे मणीच हवेत, तिथे घोडे अडते.

गेल्या हंगामात अण्णांच्या एका फवारणीचा काहीच गुण आला नाही. त्यांनी ते कुणाला सांगितले नाही. बागेत रोग आहे असे कळले तर व्यापारी भाव पाडील, ही भीती. चार दिवसांनी शेजाऱ्याने तेच औषध मारले. दोघांचेही घड गेले.

सातासमुद्रापलीकडचे शास्त्रज्ञ एकमेकांना नमुने पाठवतात आणि आम्ही बांधापलीकडे एक वाक्य पाठवीत नाही, हे मला फार लागले. मी तसे बोललो तेव्हा अण्णा गप्प राहिले.

यंदा पहिला पिवळा डाग दिसला, त्या सकाळी ते पान हातात घेऊन बांध ओलांडून गेले.