बुडी मारण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर किंवा अंदमानातील स्वराजद्वीपावर (2018 पर्यंतचे नाव हॅवलॉक) सहलीला गेलेले अनेकजण आता स्कूबा डायव्हिंगचा अनुभव घेतात. पाण्याखाली नेणारे व्यावसायिकही तेथे बरेच असतात. मग निवड कशी करायची? दर किती आणि फोटो मोफत की नाही, एवढ्यावर बहुतेकांचा निर्णय होतो. खरे निकष मात्र वायूंच्या दोन साध्या नियमांत दडलेले आहेत. ते माहीत असले म्हणजे काय विचारायचे हे आपोआप कळते.

पाठीवर काय असते?

पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्याला आपण सर्रास 'ऑक्सिजनचे सिलिंडर' म्हणतो. त्यात सामान्यतः साधी हवाच असते. गाळलेली, कोरडी केलेली आणि वातावरणाच्या सुमारे 200 पट दाबाने भरलेली. तोंडात धरलेला रेग्युलेटर ही हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने देतो. तसे नसते तर पाण्याच्या दाबाविरुद्ध छाती फुगवणेच जमले नसते.

समुद्रात दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर 1, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3 आणि 30 मीटरवर 4 वातावरणे. बॉइलच्या नियमानुसार (1662) तापमान कायम असता ठरावीक हवेचे आकारमान या ठिकाणी अनुक्रमे 1, 1/2, 1/3 आणि 1/4 होते. हे आकडे नीट पाहा. आकारमानातील सर्वांत मोठा बदल पहिल्या 10 मीटरांतच होतो. उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

पहिला प्रश्न : बुडीआधी काय शिकवता?

समजा, 10 मीटरवर कोणी छातीभर, म्हणजे 6 लिटर हवा घेतली आणि घाबरून श्वास रोखून वर आला. पृष्ठभागावर त्या हवेला 12 लिटर जागा हवी. फुफ्फुसे तेवढी ताणत नाहीत. ती फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. भरलेल्या फुफ्फुसांनिशी श्वास रोखला तर जेमतेम सव्वा मीटरवरून वर येतानाही अशी इजा होऊ शकते. 'श्वास कधीही रोखू नका' हा स्कूबाचा पहिला नियम यातून आला आहे.

म्हणून चांगला व्यावसायिक आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेतो : सतत श्वास घेणे, मुखवट्यात शिरलेले पाणी काढणे, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून कानातील दाब सारखा करणे आणि हातांच्या खुणा. 'काही शिकायला नको, आम्ही सगळे सांभाळतो' असे म्हणणारा टाळावा. कान दुखत असताना खाली ओढणाराही टाळावा.

दुसरा प्रश्न : एका प्रशिक्षकामागे किती जण?

घाबरलेल्याला थोपवायचे तर प्रशिक्षक हाताच्या अंतरावर हवा. नवख्यांसाठी एकास एक हे प्रमाण उत्तम. पाडी, एसएसआय किंवा सीएमएएस यांपैकी एखाद्या संस्थेचे प्रशिक्षकाचे चालू वर्षाचे ओळखपत्र पाहायला मागावे. पाडीच्या नियमांनुसार प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या ओळख-बुडीला 12 मीटरची मर्यादा आहे आणि वय किमान 10 वर्षे लागते. दमा, हृदयविकार, फिट येणे, गर्भारपण यांविषयीचा आरोग्य-तक्ता भरून घेतात का, हेही पाहावे. तो न वाचताच सही करा म्हणणाऱ्याने आपली पारख सोपी केली असे समजावे.

तिसरा प्रश्न : हवा कोठे भरता?

कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड इंजिनाच्या धुराजवळ असेल तर नळकांड्यात कार्बन मोनॉक्साइड जातो. हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. त्याला वास नसतो, त्यामुळे हुंगून तो ओळखता येत नाही. हवेला तेलकट वास येत असेल तर मात्र ती नाकारावीच. नळकांड्याच्या खांद्यावर दाब-चाचणीची तारीख ठोकलेली असते, तीही वाचावी.

चौथा प्रश्न : परत कधी निघू?

हा प्रश्न व्यावसायिकाची खरी परीक्षा घेतो. हेन्रीच्या नियमानुसार (1803) द्रवात विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात वाढतो. बुडीत श्वासातील नायट्रोजन शरीरात अधिक विरघळतो. दाब झटकन उतरला तर, सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर होते तसे, बुडबुडे सुटतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी 1908 मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज मिनिटाला सुमारे 9 मीटरहून वेगाने वर येऊ नये आणि खोल बुडीनंतर 5 मीटरवर 3 मिनिटे थांबावे, असा सल्ला देतात.

विमानाच्या केबिनमधील दाब समुद्रपातळीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. त्यामुळे एका बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास करू नये. अंदमानला जाणाऱ्यांनी बुडी सहलीच्या सुरुवातीला ठेवावी, शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी राखावा. मालवणात अनेक बुड्या मारून लगेच आंबोली घाट चढणाऱ्यांनाही हाच विचार लागू पडतो. हे तुम्ही न विचारता जो सांगतो तो जाणकार. होडीत प्रथमोपचारासाठी शुद्ध ऑक्सिजन आहे का आणि जवळचा दाब-कक्ष कोठे आहे, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे.

वर्गात करून पाहा

सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये किंचित फुगवून गाठ मारलेला इवलासा फुगा ठेवा. तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा, मग ओढा. फुगा आक्रसतो आणि फुगतो. त्यानंतर सोड्याची एक बाटली झटकन आणि दुसरी अगदी सावकाश उघडा. आता विद्यार्थ्यांनाच विचारा : स्कूबासाठी नेणाऱ्याला तुम्ही कोणते प्रश्न विचाराल? बहुतेक यादी ते स्वतःच तयार करतील.