आठवत नाही, म्हणजे दुखले नाही?

दोन वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. तिला कोलोनोस्कोपी म्हणतात. आम्ही टेबलावर डाव्या कुशीवर निजलो, हातातल्या सुईतून औषध गेले, समोरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटे झालेली पाहिली. त्यापुढचे आठवते ते थेट बाहेरच्या खोलीतला चहाचा कप. शेजारी बसलेल्या पत्नीला विचारले, "सुरू कधी करणार?" तिने कपाळाला हात लावला. "अहो, हे चौथ्यांदा विचारताय! झाली की तपासणी. डॉक्टरांशी चांगलं दहा मिनिटं बोललात. पॉलिप म्हणजे काय, पुन्हा कधी यायचं, सगळं विचारलंत."

यातले अक्षरही आम्हाला आठवत नव्हते, आजही आठवत नाही. इथपर्यंत गंमत होती. पण निघताना सिस्टर सहज म्हणाल्या, "पहिल्या वळणावर जरा ओरडलात, मग शांत झालात." म्हणजे दुखले होते. मग ते कोणाला दुखले? आमच्या लेखी तर काहीच घडले नव्हते!

बोलताना आपण 'भूल दिली' असे सरसकट म्हणून टाकतो. पण पोट उघडायच्या शस्त्रक्रियेत दिली जाते ती संपूर्ण भूल आणि अशा तपासणीत बहुधा दिली जाते ती गुंगी. गुंगीतला माणूस हाक मारली की डोळे उघडतो, 'गुडघे पोटाशी घ्या' म्हटले की घेतो, आणि श्वास स्वतःचा स्वतः घेत असतो. झोप येणे, वेदना न होणे आणि घडलेले न आठवणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रुग्णाला त्या एकच वाटतात, कारण जागे झाल्यावर हाती उरते ती फक्त तिसरी.

आम्हाला दिलेले औषध होते मिडॅझोलॅम. ते बेन्झोडायझेपीन या कुळातले. याच कुळातले डायझेपाम १९६३ साली 'व्हॅलियम' या नावाने बाजारात आले आणि जगभर पसरले. डायझेपामची अडचण अशी, की ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यासाठी वापरलेल्या द्रावकामुळे शिरेची आग होत असे. मिडॅझोलॅमने ही अडचण सुरेख सोडवली. (रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.) कुपीतले द्रावण आम्लधर्मी असते. त्यात या रेणूचे एक कडे उघडते आणि रेणू पाण्यात विरघळतो. रक्तात सामू ७.४ च्या आसपास असतो. तिथे कडे पुन्हा मिटते, रेणू स्निग्ध पदार्थात विरघळणारा बनतो आणि दोन-तीन मिनिटांत मेंदूत शिरतो.

मेंदूत गाबा नावाचे एक रसायन चेतापेशींना आवर घालण्याचे काम करते. ते पेशीच्या पटलावरील एका दाराला चिकटले, की दार उघडते, क्लोराइडचे ऋण आयन आत येतात आणि पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही. बेन्झोडायझेपीन हे दार स्वतः उघडत नाही. गाबा असेल तर ते अधिक वेळा उघडू देते. अशी दारे हिप्पोकॅम्पस या भागातही भरपूर आहेत, आणि नव्या घटनांच्या टिकाऊ आठवणी तयार होण्यासाठी हा भाग लागतो.

शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर, औषधाच्या अंमलाखाली फळ्यावर लिहिले जात असते, पण वहीत काही उतरत नाही. फळ्यावरचे वाचून आम्ही डॉक्टरांना समर्पक प्रश्न विचारले. फळा पुसला गेला आणि वही कोरी राहिली. औषधापूर्वीचे मात्र वहीत शाबूत असते, म्हणून दहा वाजून पाच मिनिटे आठवतात. फ्लुमाझेनिल नावाचा उतारा दिला तर गुंगी लगेच उतरते, पण कोरी पाने काही भरत नाहीत. आठवण दडलेली नसते, ती तयारच झालेली नसते.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. मिडॅझोलॅम वेदनाशामक नाही. त्याने भीती कमी होते, झोप येते, विसर पडतो. वेदनेसाठी फेन्टानिलसारखे वेगळे औषध सोबत द्यावे लागते. आतड्याची तऱ्हाही न्यारी आहे. आतून पॉलिप कापला तर सहसा दुखत नाही, पण आतडे ताणले की दुखते. म्हणून वळणावर आरोळी.

आठवण पुसून वेदनेवर तोडगा काढायचा, ही कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे क्रोनिग आणि गाउस हे दोन डॉक्टर बाळंतिणींना मॉर्फिन आणि स्कोपोलामिन देत असत. स्कोपोलामिन म्हणजे आपल्याकडच्या धोतऱ्यातही असणारे द्रव्य. मॉर्फिनची मात्रा थोडी असे. भर विस्मरणावर होता. ते साधले की नाही हे पाहण्याची गाउस यांची कसोटी मोठी बोलकी होती. बाईला एखादी वस्तू दाखवायची आणि अर्ध्या तासाने तीच पुन्हा दाखवून, पूर्वी पाहिली होती का, असे विचारायचे. 'नाही' म्हणाली की मात्रा बरोबर. खोलीत अंधार ठेवत, कानांत बोळे घालत, कारण स्वतःच्या किंकाळ्या ऐकून आठवण राहू नये! बाया कण्हत, ओरडत आणि दुसऱ्या दिवशी काही झालेच नाही असे समाधानाने सांगत. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत सुशिक्षित स्त्रियांनी या 'संधिनिद्रे'च्या मागणीसाठी संघटना काढल्या. त्यांना फसवले गेले, असे चटकन म्हणता येत नाही. पहिल्या बाळंतपणाची दहशत मनात घेऊन जगण्यापेक्षा विसर बरा, असे कोणाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. पण मॉर्फिनने नवजात बाळाचा श्वास मंदावे. आणि त्या किंकाळ्या ज्या सुइणी-परिचारिकांनी ऐकल्या, त्यांच्या लेखी वेदना घडलेलीच होती.

बरे, गुंगी नसली तरी आठवण हा वेदनेचा प्रामाणिक हिशेब असतो असेही नाही. रेडेलमायर आणि काहनेमन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोलोनोस्कोपी चालू असताना दर मिनिटाला रुग्णांकडून वेदनेचा आकडा घेतला होता. नंतर विचारल्यावर रुग्णांनी जे मत दिले, ते सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटची काही मिनिटे यांवर बेतलेले होते. तपासणी किती लांबली, याचा त्यात जवळजवळ विचारच नव्हता. २००३ साली त्यांनी ६८२ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात निम्म्या जणांची तपासणी संपल्यावर नळीचे टोक थोडा वेळ तसेच, न हलवता राहू दिले. त्रास एकूण वाढला, पण शेवट सौम्य झाला, आणि या लोकांना सगळी तपासणीच कमी दुखल्याचे आठवले.

मग जपायचे कोणाला, त्या क्षणी टेबलावर असलेल्या माणसाला की नंतर घरी जाणाऱ्याला? आमचे मत असे, की दोघांनाही. विसर पडणार आहे म्हणून वेदनाशामकात काटकसर करणे योग्य नाही. चेहरा आक्रसतो, नाडी वाढते, हात उचलला जातो, हे डॉक्टरांना दिसत असते. उलट, औषधे वाढवत नेणेही धोक्याचे. मिडॅझोलॅमला १९८५ साली अमेरिकेत परवानगी मिळाली, तेव्हा सुचवलेल्या मात्रा जास्त होत्या. श्वास मंदावून अनेक मृत्यू झाले, त्यानंतर मात्रा कमी केल्या गेल्या. आज बोटाला लावलेला चिमटा रक्तातल्या ऑक्सिजनवर सतत नजर ठेवतो आणि औषध थोडे थोडे, परिणाम पाहत देतात.

आमची तक्रार एकच. 'तुम्हाला झोप लागेल, काही कळणार नाही' असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्याऐवजी 'तुम्ही अर्धवट जागे असाल, कदाचित कण्हाल, आम्ही त्याकडे लक्ष देऊ, आणि बहुधा तुम्हाला हे आठवणार नाही' असे सांगायला दोन मिनिटेच लागली असती. काहींना नंतर तुटक, स्वप्नासारखे तुकडे आठवतात. आधी कल्पना नसेल तर ते भेडसावतात. क्वचित हेच औषध उलटे वागते आणि रुग्ण चिडतो, उठून बसतो, विशेषतः मुले व वृद्ध.

घरच्यांपैकी कोणी तपासणीला जाणार असेल तर सोबत एक माणूस हवाच. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने ऐकावे, शक्यतो लिहून घ्यावे. चोवीस तास वाहन चालवू नये, कागदपत्रांवर सही करू नये. शुद्धीवर आल्यासारखे वाटते, पण वही अजून उघडलेली नसते.

आमची पुढची तपासणी तीन वर्षांनी आहे. गुंगी घेणारच. पण टेबलावर निजण्याआधी विचारणार आहोत, की वळणावर ओरडलो तर तुम्ही काय कराल? उत्तर पत्नीने ऐकून ठेवायचे ठरले आहे.